कॉमेट : स्मरणरंजन आणि हिशेब

९ नोव्हेंबर १९८० रोजी इंग्लंडमध्ये एका प्रवासी विमानाने उड्डाण केले. त्यात बसलेल्या माणसांना कुठे पोचायची घाई नव्हती. ते प्रवासी म्हणून नव्हे, तर निरोप द्यायला आलेले लोक होते. विमान होते डी हॅविलंड कंपनीचे कॉमेट, जगातले पहिले जेट प्रवासी विमान. चालवणारी कंपनी होती डॅन-एअर. सुट्टीला निघालेल्या सामान्य इंग्रज कुटुंबांना स्वस्तात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर नेणे हा तिचा धंदा, आणि त्यासाठी इतरांनी टाकून दिलेली कॉमेट विमाने तिने एकेक करून विकत घेतली होती. इंधनाचे भाव वाढले तसे तिलाही ते परवडेना. त्या दिवशीचे उड्डाण हे कॉमेटचे शेवटचे व्यापारी उड्डाण ठरले आणि ते विमानवेड्यांसाठीच योजलेले होते.

‘स्मरणरंजन’ हा शब्द मराठीत आपण वाडा, आजोळ, इराण्याचे हॉटेल, मीटर गेजची गाडी यांच्यासाठी वापरतो. पण ॲल्युमिनियमच्या एका नळकांड्यावरही माणसे तितकीच जीव लावतात, हे मला कॉमेटविषयी वाचू लागल्यावर समजले. मी विमानशास्त्र शिकलेलो नाही. छापील चौकशी अहवाल, जुन्या वृत्तपत्रांचे अंक, संग्रहालयांच्या पुस्तिका आणि या विमानवेड्यांनी लिहिलेली पुस्तके एवढीच माझी शिदोरी. त्या वाचनात एक गोष्ट मला वारंवार खटकत राहिली. ज्या विमानाच्या पहिल्या आवृत्तीने दोन वर्षांच्या आत शंभराहून अधिक माणसे मारली, त्याच विमानावर लोकांचे इतके प्रेम का? आणि या प्रेमाला त्या मेलेल्या माणसांचा हिशेब ठाऊक आहे का?

रूपाचे वेड

प्रेमाचे पहिले कारण सरळ आहे. कॉमेट दिसायला सुंदर होते. त्या काळच्या प्रवासी विमानांच्या पंखांवर इंजिनांचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यापुढे गरगरणारे पंखे असत. कॉमेटची चारही घोस्ट इंजिने पंख धडाला जिथे मिळतो तिथे, पंखाच्या जाडीतच लपवलेली होती. बाहेरून दिसत ती फक्त हवा आत घेणारी लांबट तोंडे. त्यामुळे पंख अखंड आणि गुळगुळीत दिसे. आजही जुन्या छायाचित्रांत इतर विमानांच्या रांगेत उभे असलेले कॉमेट दुसऱ्याच पिढीतून आल्यासारखे वाटते.

त्याची कल्पना दुसरे महायुद्ध चालू असतानाच निघाली होती. युद्धानंतर ब्रिटनने कोणती प्रवासी विमाने बांधावीत हे ठरवण्यासाठी लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या यादीत एक जेट विमानही होते. युद्धकाळात लाकडी ‘मॉस्किटो’ विमान घडवणारे रोनाल्ड बिशप यांच्याकडे त्याच्या रचनेची सूत्रे आली. या कामाची किंमत विमान तयार होण्याआधीच मोजावी लागली. मागे झुकलेले पंख आणि शेपटीविना विमान कसे वागते हे तपासण्यासाठी बांधलेल्या डी. एच. १०८ या प्रायोगिक विमानात, सप्टेंबर १९४६ मध्ये, कंपनीचे संस्थापक सर जेफ्री डी हॅविलंड यांचा मुलगाच मरण पावला. त्याचेही नाव जेफ्री.

२७ जुलै १९४९ रोजी हॅटफिल्ड येथे कॉमेटचे पहिले उड्डाण झाले. ते ३१ मिनिटे चालले. वैमानिक होते युद्धात रात्रीच्या हवाई लढायांमुळे गाजलेले जॉन कनिंगहॅम. २७ जुलै हा त्यांचा वाढदिवस आणि सर जेफ्री डी हॅविलंड यांचाही. विमानवेड्यांना असे योगायोग फार आवडतात आणि कॉमेटवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हा येतोच.

२ मे १९५२ रोजी बी. ओ. ए. सी. या सरकारी विमान कंपनीचे कॉमेट लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. नोंदणीची अक्षरे जी-ए-एल-वाय-पी. शेवटच्या दोन अक्षरांवरून त्याला ‘योक पीटर’ म्हणत. रोम, बैरूत, खार्टुम, एंटेबे, लिव्हिंगस्टन असे थांबे घेत ते साडेतेवीस तासांच्या आसपास पोचले. नियमित वेळापत्रकातली जेट प्रवासी सेवा जगात त्या दिवशी सुरू झाली. विमानात जागा होत्या ३६. जुन्या पंख्यांच्या विमानांत हादऱ्यांनी अंग खिळखिळे होई, आणि ढगांच्या पातळीवरच उडावे लागत असल्याने वादळ चुकवता येत नसे. कॉमेट ३५ ते ४० हजार फुटांवर, बहुतेक ढगांच्या वरून, ताशी साडेचारशे मैलांहून अधिक वेगाने जाई. टेबलावर कडेवर उभे केलेले नाणे पडत नाही, अशी त्याची ख्याती सांगितली जाई.

आपल्याकडेही ते आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबोची आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरची सेवा सुरू झाली. मुंबईच्या बाबतीत एक गंमत नोंदलेली आहे. १५ जुलै १९५३ रोजी बी. ओ. ए. सी.चे एक कॉमेट सांताक्रूझ समजून चुकून शेजारच्या जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरले. उतरणे जमले, उडणे सोपे नव्हते. सुमारे नऊ दिवसांनी ते तिथून बाहेर काढता आले. जुलै महिना, जुहूची आखूड धावपट्टी आणि तिच्यावर अडकून पडलेले जगातले सर्वांत आधुनिक विमान! कॉमेटच्या कहाणीतला हा बहुधा एकमेव प्रसंग, जो निखळ हसून सांगता येतो.

अपघात

पुढचे सगळे थोडक्यात सांगता येण्यासारखे नाही, तरी क्रम लक्षात घ्यायला हवा. कारण स्मरणरंजनात पहिला गोंधळ होतो तो या क्रमाचाच.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोममध्ये एक कॉमेट धावपट्टीवरून उठलेच नाही, पुढे जाऊन मोडले. कुणी दगावले नाही. ३ मार्च १९५३ रोजी कराचीत कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे नवेकोरे कॉमेट तसेच न उठता आदळले आणि त्यातले ११ही जण ठार झाले. जेट प्रवासी विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात. दोन्ही वेळा दोष वैमानिकांच्या माथी मारला गेला. त्यांनी नाक फार वर उचलले, म्हणून पंखांनी हवा सोडली, असे निष्कर्ष निघाले. पण नाक जरा अधिक उचलताच ज्या पंखाची ताकद जाते, त्या पंखाचे काय? पंखाच्या पुढच्या कडेचा आकार नंतर बदलण्यात आला. कागदावर दोष मात्र माणसांच्या नावावरच राहिला होता.

२ मे १९५३ रोजी, म्हणजे पहिल्या सेवेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, सिंगापूरहून लंडनकडे जाणारे कॉमेट कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे उडाले. सहा मिनिटांत त्याचा संपर्क तुटला. हुगळी जिल्ह्यातल्या एका गावाजवळ त्याचे तुकडे पडले. विमानात ४३ माणसे होती. कुणी वाचले नाही. वैशाखातल्या बंगालमध्ये संध्याकाळी उठणारे वादळ, ज्याला तिथे ‘काळबोइशाखी’ म्हणतात, तसल्या वादळात विमान सापडले होते. भारत सरकारच्या चौकशी न्यायालयाने कारण दिले ते असे : वादळातल्या प्रचंड झोतांमुळे, किंवा त्यांना तोंड देताना विमानाला दिलेल्या तीव्र वळशांमुळे, ताण असह्य होऊन सांगाडा तुटला. अवशेषांची आणखी तांत्रिक तपासणी व्हावी, अशी शिफारसही न्यायालयाने केली.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले एक कॉमेट भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ कोसळले. ३५ ठार. विमान होते योक पीटर. ज्याने जेट युग सुरू केले तेच. हवा स्वच्छ होती, वादळ नव्हते. उड्डाणे थांबवली गेली, आग, इंजिने, नियंत्रणे अशा शक्य वाटणाऱ्या कारणांवर डझनावारी दुरुस्त्या झाल्या आणि २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली. सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोकडे निघालेले आणखी एक कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात पडले. २१ ठार. मग मात्र कॉमेटचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रच काढून घेण्यात आले.

पाण्याची टाकी

कॉमेटच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण मला विचाराल तर हॅटफिल्डच्या आकाशात घडले नाही. ते घडले फार्नबरोच्या संशोधन संस्थेत, पाण्याने भरलेल्या एका टाकीत.

तपासाचा एक धागा इटलीतून आला. एल्बाच्या मच्छीमारांनी समुद्रातून मृतदेह बाहेर काढले होते. पिसा विद्यापीठातले न्यायवैद्यक तज्ज्ञ अँतोनियो फोर्नारी यांनी त्यांची तपासणी केली. फुप्फुसे फाटलेली होती, कवट्यांना इजा होती. जळाल्याने किंवा बुडाल्याने मृत्यू आल्याच्या खुणा नव्हत्या. याचा अर्थ केबिनमधला हवेचा दाब एका क्षणात नाहीसा झाला होता आणि माणसे पुढे फेकली गेली होती. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांनीच पहिली साक्ष दिली.

दुसरा धागा फार्नबरोचे संचालक आर्नल्ड हॉल यांच्या हाती होता. चाळीस हजार फुटांवर बाहेरची हवा श्वास घेण्याइतकी नसते, म्हणून कॉमेटच्या केबिनमध्ये आठ हजार फुटांवर असावी इतकी हवा भरून ठेवत. प्रत्येक उड्डाणात धड फुग्यासारखे किंचित फुगे, उतरल्यावर पूर्ववत होई. पत्रा एकदा वाकवला तर मोडत नाही, पण शंभरदा वाकवला तर मोडतो. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. हे अज्ञात होते असेही नाही. स्वतः विमान अभियंता असलेले कादंबरीकार नेव्हिल श्यूट यांनी ‘नो हायवे’ या कादंबरीत थकव्याने शेपटी मोडणारे प्रवासी विमान कल्पिले होते, ते १९४८ मध्ये, कॉमेट उडण्याच्या आदल्या वर्षी.

हॉल यांच्या माणसांनी बी. ओ. ए. सी.चे एक अख्खे कॉमेट घेतले. त्याचे धड पाण्याच्या टाकीत बसवले, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर ठेवले. आतही पाणी, बाहेरही पाणी. हवेने दाब दिला असता तर धड बॉम्बसारखे फुटले असते आणि पुरावाच नष्ट झाला असता. पाणी दबत नसल्यामुळे तडा जिथे सुरू होईल तिथेच तो पाहता येतो. आतला दाब वाढवायचा, उतरवायचा. यंत्रांनी पंख वरखाली वाकवायचे. काही मिनिटांत एका उड्डाणाइतका ताण दिला जाई आणि हे रात्रंदिवस चालले. या विमानाची आधी १,२२१ उड्डाणे झालेली होती. टाकीत १,८३६ आवर्तने झाल्यावर, म्हणजे एकूण ३,०५७ नंतर, २४ जून १९५४ रोजी धड फाटले. योक पीटरची उड्डाणे झाली होती १,२९०, नेपल्सजवळ पडलेल्या विमानाची ९००.

मग कंपनीने आधी काहीच तपासले नव्हते का? इथे या कहाणीतला सर्वांत शिकवणारा भाग येतो. डी हॅविलंडने तपासले होते, आणि कसून तपासले होते. धडाच्या एका भागावर त्यांनी आधी प्रत्यक्षातल्या दाबाच्या दुपटीपर्यंत दाब देऊन त्याचे बळ पाहिले. मग त्याच तुकड्यावर थकव्याची चाचणी घेतली. त्याने सुमारे १८,००० आवर्तने सहन केली. सगळे निश्चिंत झाले. घडले होते असे, की पहिल्या जबर दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला आणि छिद्रांभोवतीचा धातू जरा ताणून कायमचा सैलावला होता. दाब उतरल्यावर भोवतालच्या पत्र्याने त्याला आवळून धरले, आणि आवळलेल्या धातूत तडा सहजी पसरत नाही. म्हणजे कडक परीक्षेनेच तो तुकडा बळकट झाला होता. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांचे धड अशा कसोटीतून गेलेले नव्हते. ज्या तुकड्याची परीक्षा घेतली तो आणि जे विमान विकले ते, या दोन वेगळ्या वस्तू होत्या. इथे कुणी आळशी नव्हते, कुणी लबाडीही केली नव्हती. म्हणूनच हा धडा जास्त भीतीदायक आहे.

‘चौकोनी खिडक्या’

आता स्मरणाकडे येतो. कॉमेटचे नाव काढले की ज्याला त्याला एक वाक्य पाठ असते : ‘त्याच्या खिडक्या चौकोनी होत्या, म्हणून ती पडली; पुढे खिडक्या गोल झाल्या.’ लहान मुलाला सांगायला हे ठीक आहे. पण हे वाक्य तीन ठिकाणी लंगडे पडते.

पहिले म्हणजे, त्या खिडक्यांचे कोपरे काटकोनी नव्हते, गोलावलेलेच होते. प्रश्न होता तो कापलेल्या प्रत्येक छिद्राभोवती, तिथल्या रिव्हेटांच्या आणि बोल्टांच्या भोकांपाशी, पातळ पत्र्यात ताण हिशेबापेक्षा फार जास्त साचत होता हा. दुसरे म्हणजे, समुद्रातून काढलेल्या योक पीटरच्या अवशेषांत ज्या तुकड्यावर तडा उमटला होता तो प्रवाशांच्या खिडकीचा नव्हताच. तो होता छताचा, दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या ॲन्टेनासाठी कापलेल्या झरोक्याजवळचा. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तो तुकडा आहे. टाकीतल्या विमानात मात्र तडा बाजूच्या संकटकालीन खिडकीच्या कोपऱ्याजवळून सुरू झाला. म्हणजे दोष एका खिडकीच्या आकाराचा नव्हता, ताण मोजण्याच्या सगळ्या रीतीचा होता.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची. ‘तीन कॉमेट हवेत फुटली’ असे म्हणताना कलकत्त्याचे विमान एल्बा आणि नेपल्सच्या विमानांबरोबर सहज जोडले जाते. पण त्या विमानाचा निकाल वेगळा होता : वादळ. अधिकृत कारण आजही तेच आहे. त्या ४३ जणांना ‘चौकोनी खिडक्यां’च्या खात्यावर टाकून दिल्याने गोष्ट गोळीबंद होते, पण भारतातल्या चौकशीने काय पाहिले, काय म्हटले, ते वाचायची गरज संपते. रोम आणि कराचीच्या अपघातांचेही तसेच. तिथे खिडक्यांचा संबंधच नव्हता.

स्मरणरंजनाचे दुसरे आवडते वाक्य थोडे कडवट आहे. ‘ब्रिटनने माणसे गमावून जे शिकले ते मोकळ्या मनाने जगाला दिले आणि अमेरिकनांनी त्यावर धंदा केला.’ यात तथ्य आहे. लॉर्ड कोहेन यांच्या न्यायालयापुढची चौकशी उघड झाली, निष्कर्ष सर्वांना मिळाले. एक तडा गेला तरी सगळे धड फाटू नये, अशा रीतीने पत्रा आणि त्यामागचा सांगाडा रचायचा, हा विचार त्यानंतर पक्का रुजला. पण तारखा पाहा. फार्नबरोच्या टाकीत धड फाटले २४ जून १९५४ रोजी. बोइंगच्या ज्या नमुना विमानातून पुढे ७०७ निघाले, त्याचे पहिले उड्डाण झाले १५ जुलै १९५४ रोजी, तीन आठवड्यांनी. मागे झुकलेले पंख आणि पंखाखाली टांगलेली इंजिने बोइंगने आपल्या बी-४७ या बॉम्बफेकी विमानात १९४७ सालीच उडवली होती. अमेरिकनांची वाट वेगळी आणि आधीच आखलेली होती. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी मजबूत केलेल्या कॉमेट-४ने अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट सेवा सुरू केली खरी, पण २६ ऑक्टोबरला पॅन ॲमचे ७०७ आले. ते कितीतरी अधिक माणसे नेत होते आणि धंद्याचा निकाल तिथेच लागला. एअर इंडियानेही १९६० मध्ये जेट युगात पाऊल टाकले ते ७०७ घेऊनच. सगळी मिळून कॉमेट विमाने बनली ११४.

ज्यांच्या देशाची विमानबांधणी पुढे आटत गेली, त्यांना या २२ दिवसांच्या आघाडीची हळहळ वाटणे मी समजू शकतो. आपल्याकडेही बंद पडलेल्या गिरण्यांविषयी बोलताना आवाज असाच हळवा होतो. पण गिरणीची आठवण केवळ चिमणीची आठवण असून भागत नाही. तसेच हे.

रंग आणि धड

कॉमेटप्रेमींनी जे जपले आहे, त्यातली दोन विमाने शेजारी ठेवून पाहिली की स्मरणाचे दोन प्रकार लख्ख दिसतात.

इंग्लंडमधल्या कॉस्फर्डच्या हवाई दल संग्रहालयात पहिल्या पिढीतले एक संपूर्ण कॉमेट आहे. ते बी. ओ. ए. सी.च्या रंगात रंगवले आहे. पाहणाऱ्याला वाटते, हेच ते. वास्तविक हे विमान बी. ओ. ए. सी.साठी कधीच उडाले नाही. ते एअर फ्रान्सचे होते, नंतर ब्रिटिश सरकारकडे आले. त्याचे धडही अपघातांनंतर सुधारले गेले आहे, त्यामुळे त्या कुप्रसिद्ध खिडक्या त्यात नाहीत. रंग १९५२चा, पण पत्रा १९५४ नंतरच्या शहाणपणाचा. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, संग्रहालय हे सारे लपवत नाही. पण आठवण नेमकी असेच काम करते. ती सुधारलेल्या वस्तूला निरागस काळाचा रंग देते.

दुसरे आहे लंडन कॉल्नीजवळच्या डी हॅविलंड संग्रहालयात, जिथे मॉस्किटोची रचना झाली त्या सॅलिसबरी हॉलच्या आवारात. हेही मूळचे एअर फ्रान्सचेच कॉमेट, पण त्याचे फक्त धड उरले आहे. पंख नाहीत, म्हणजे ज्या रूपावर लोक भाळले ते रूपच नाही. मात्र मूळच्या मोठ्या खिडक्या असलेले जगात उरलेले हे एकमेव धड. स्वयंसेवकांनी ते वर्षानुवर्षे खपून पूर्ववत केले. पगार नाही, पदवी विचारणारे कुणी नाही. हातोडी, रिव्हेट आणि जुने नकाशे. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाला यांच्याविषयी आपुलकी वाटते. ‘चौकोनी खिडक्या’ म्हणजे नेमके काय, कोपऱ्याची गोलाई किती, पत्रा किती पातळ, हे कुणालाही डोळ्यांनी पाहून ठरवता येते, ते या माणसांच्या नादामुळे. दंतकथा पसरवणारे विमानवेडे असतात, तशी ती खोडून काढायचे साधन जपणारेही विमानवेडेच असतात. ‘कॅनोपस’ नावाचे एक कॉमेट-४सी ऑक्टोबर १९९७ मध्ये शेवटचे उडून ब्रंटिंगथॉर्पला उतरले, त्याचीही इंजिने स्वयंसेवकांनी बरीच वर्षे चालू ठेवली. त्या इंजिनांचा आवाज ऐकायला माणसे लांबून येत.

म्हणून स्मरणरंजनाला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. प्रश्न एवढाच की ते रंगाशी थांबते की धडापर्यंत जाते.

मढचा समुद्र, क्विझॉनचे रस्ते

धडाच्याही पलीकडे आणखी एक स्मरण आहे. त्याची वाट मुंबईवरून जाते आणि विमानवेड्यांच्या पुस्तकांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

२८ जुलै १९६३. युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट-४सी टोकियोहून हाँगकाँग, बँकॉकमार्गे कैरोकडे जाताना रात्री मुंबईत सांताक्रूझला उतरणार होते. श्रावणातला जोरदार पाऊस, हवेत प्रचंड खळबळ. वळण घेताना वैमानिकाचा ताबा सुटला आणि विमान मढ बेटाजवळच्या समुद्रात पडले. ६३ जण होते, सगळे गेले. हे सुधारलेल्या पिढीतले, लंबगोल खिडक्यांचे कॉमेट होते. थकव्याचा इथे संबंध नव्हता.

त्या ६३ जणांत फिलिपिन्सच्या बालवीर पथकातले २४ जण होते, मुले आणि त्यांचे प्रमुख. ग्रीसमध्ये मॅरेथॉन येथे अकरावा जागतिक बालवीर मेळावा भरणार होता, त्यासाठी ते निघाले होते. मनिलाला लागून असलेल्या क्विझॉन सिटीत आज एक पूर्ण वस्ती ‘स्काउट एरिया’ म्हणून ओळखली जाते. तिथल्या रस्त्यांना त्या बालवीरांची नावे दिलेली आहेत आणि प्रत्येक नावाआधी ‘स्काउट’ हा शब्द आहे. जवळच्या चौकात त्यांचे स्मारक आहे. तिथे लोक खाणावळींचे पत्ते सांगताना, रिक्षा थांबवताना, भाड्याची खोली शोधताना रोज ती नावे उच्चारतात. त्यांतल्या कितींना कॉमेट हे विमान ठाऊक असेल कोण जाणे. पण माणसे त्यांनी जपली आहेत. इंग्लंडमध्ये विमान जपले गेले, क्विझॉनमध्ये त्यातली माणसे. दोन्हींच्या मधला दुवा आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्यात आहे.

कॉमेटचे वेड सोडून द्या, असे मी कुणाला सांगणार नाही. ते वेड नसते तर आज टाकीतल्या तड्याचा अर्थ समजून घ्यायला हाताशी एकही अस्सल धड नसते. माझे मागणे त्याहून लहान आहे. कॉमेटविषयी पुढचे जे पुस्तक निघेल त्यात पंखांच्या देखण्या छायाचित्रांबरोबर अपघातांची यादी क्रमाने आणि प्रत्येकाच्या खऱ्या कारणासकट यावी : रोमला पंखाची कड, कराचीला तीच कड आणि ११ माणसे, कलकत्त्याला वादळ आणि ४३, एल्बाला थकवा आणि ३५, नेपल्सला थकवा आणि २१, मढच्या समुद्रात पाऊस, काळोख आणि ६३. सगळे एका खिडकीत कोंबू नये. आज दहा-बारा किलोमीटर उंचीवर आपण खिडकीला डोके टेकवून बिनघोर झोपतो, ते यांतल्या प्रत्येक कारणाचा वेगळा हिशेब कुणीतरी कधीतरी मांडला म्हणून.